रीफ टँकमधल्या गोगलगायी: कुठल्या घ्यायच्या, किती घ्यायच्या आणि जगवायच्या कशा

मरीन टँकला, म्हणजे मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकला, दोन-तीन महिने झाले की काचेवर, दगडांवर, वाळूवर शेवाळ धरायला लागतं आणि मग जो तो एकच सल्ला देतो, गोगलगायी टाक, सगळं साफ होईल. अर्धं खरं आहे ते. गोगलगायी साफ टँक साफ ठेवतात, पण हाताबाहेर गेलेला टँक त्यांच्याच्याने सुधारत नाही. शेवाळ त्यांनी खाल्लं म्हणून त्यातलं नायट्रेट-फॉस्फेट कुठे गायब होत नाही, बरंचसं विष्ठेवाटे परत पाण्यातच येतं. माशांना दिवसातून तीनदा मूठभर खाणं घालायचं, पाणी महिनोन्‌महिने बदलायचं नाही आणि वर पन्नास स्नेल (गोगलगायी) आणून सोडायच्या, याने शेवाळ तर हटत नाहीच, वर त्यातल्या मेलेल्या स्नेलचा अमोनिया निस्तरत बसावं लागतं.

म्हणून खरेदीच्या आधी टेस्ट किट काढा. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान असेल तर ठीक चाललंय, गोगलगायींचा उपयोग होईल. नायट्रेट पन्नासच्या वर असेल तर आधी खाणं कमी करा, पाणी बदला, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या फिल्टरचा) कप धुवा, लाइट आठ-नऊ तासांवर आणा. आणि लांब केसांसारखं हिरवं शेवाळ वाढलं असेल तर ते आधी हाताने उपटून सायफनने बाहेर काढायचं, कारण बहुतेक गोगलगायी काचेवरचा-दगडावरचा पातळ थर खरवडून खातात, बोटभर लांब झुपक्यांच्या त्या वाटेलाच जात नाहीत. आता कोणी म्हणेल की मग फॉस्फेट रिमूव्हर टाकून दोन्ही आकडे शून्यावर आणतो, तर तेही नको. आकडे शून्यावर गेले की डायनो यायची शक्यता वाढते, म्हणजे तो तपकिरी चिकट शेंबडासारखा थर ज्यात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. डायनोच्या काही जाती विषारी असतात, त्या खाऊन गोगलगायी सुस्त पडतात, काचेवरून गळून पडतात आणि मरतात. टँकमध्ये तसा थर दिसतोय आणि एकामागून एक स्नेल मरतायत असं असेल तर नवीन अजिबात आणू नका, आधी डायनोचं बघा.

अगदी नवीन टँकमध्येही घाई नको. सायकल (टँकमध्ये उपयोगी जिवाणू वाढायची प्रक्रिया) पूर्ण होऊन अमोनिया आणि नायट्राइट शून्य दाखवायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर वाळूवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) येतात, काचेवर हिरवट पापुद्रा धरतो, तेव्हा दोन-तीन सोडा. खायला काहीतरी उगवल्याशिवाय खाणारा आणायचा नाही.

आता कुठल्या घ्यायच्या. मला एकच जात निवडायला सांगितली तर मी डोळे मिटून ट्रोकस घेईन. पिरॅमिडसारखा शंख, त्यावर लालसर-तपकिरी पट्टे, आकार बेताचा. काच, दगड दोन्ही साफ करते, कोरलला त्रास देत नाही आणि मुख्य म्हणजे वाळूत उलटी पडली तर बहुतेक वेळा स्वतःची स्वतः सरळ होते. ऐकायला किरकोळ वाटेल पण हाच मुद्दा जगण्या-मरण्याचा आहे. अ‍ॅस्ट्रिया नावाची जी स्नेल मिळते, कॅरिबियन-फ्लोरिडाकडची, ती दिसायला जवळपास ट्रोकससारखीच असते, खातेही छान, पण उलटी पडली की तिला सरळ होता येत नाही, आणि रात्रभर तशीच राहिली तर सकाळपर्यंत हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) तिचा फडशा पाडतात. अ‍ॅस्ट्रिया ठेवायची तर रोज टँकवर एक नजर टाकून पडलेलीला उचलून सरळ करायची तयारी ठेवा, नाहीतर सरळ ट्रोकसच घ्या.

टर्बो म्हणजे बुलडोझर. हेअर अल्गी, म्हणजे ते केसांसारखं शेवाळ, खरोखर खाणाऱ्या थोड्या जातींपैकी ही एक, पण मोठी होते, गोल्फच्या बॉलएवढी, आणि वाटेत आलेली प्रत्येक न चिकटवलेली फ्रॅग (कोरलचा छोटा तुकडा) ढकलून देते. झोआ कोरलची फ्रॅग मशरूम कोरलवर जाऊन पडली, कुठलीतरी वाळूत तोंडघशी पडली, असले उद्योग रोज सकाळी निस्तरावे लागतात. टर्बो आणायच्या आधी फ्रॅग ग्लूने पक्क्या करा, वरचे दगड हलतायत का ते बघा. आणखी एक, मेक्सिकन टर्बो म्हणून जी विकतात ती कॅलिफोर्नियाच्या आखातातली, तिथलं पाणी वर्षातला बराच काळ आपल्या टँकपेक्षा थंड असतं. चोवीस-पंचवीस डिग्रीला ती मजेत राहते, अठ्ठावीसला रेंगाळत रेंगाळत मरते. त्यामुळे दुकानात 'टर्बो आहे' एवढ्यावर थांबू नका, कुठून आलीय ते विचारा. मार्गारिटा स्नेलचं तर याहून वाईट, ती थंड समुद्रातलीच, पण ट्रॉपिकल म्हणून सर्रास विकली जाते. घेऊच नका.

सेरिथ लहान, लांबट, टोकदार शंखाची. दिवसा वाळूत किंवा दगडाच्या खाचेत दडून बसते, रात्री बाहेर येते, वाळूचा वरचा थर हलवत राहते आणि ट्रोकस जिथे पोचत नाही अशा कोपऱ्यात शिरते. काचेवर पांढऱ्या दोऱ्याची नागमोडी नक्षी दिसली तर ती बहुधा हिचीच अंडी, घाबरू नका. नेराइट काचेसाठी उत्तम पण ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली, पाण्याबाहेर फिरायची तिला सवयच असते, त्यामुळे झाकण नसेल तर एखाद्या दिवशी ती सोफ्याखाली सापडेल. आणि ती काचेवर-दगडावर तिळासारखी कडक पांढरी अंडी चिकटवून ठेवते, ती खरवडताना जीव जातो.

नॅसॅरिअसबद्दल दुकानात हमखास थाप मारतात की अल्गी खाते. नाही खात. ती वाळूत पुरून बसते, नुसती सोंड वर काढून, आणि माशांचं खाणं पडलं की वास येऊन सगळ्या एकदम वाळूतून वर येतात, बघायला मजा येते. उरलंसुरलं मांसाचं खाणं, मेलेला मासा हे तिचं काम. ठेवा जरूर, पण शेवाळासाठी नको. बंबलबी स्नेल काळी-पिवळी पट्ट्यांची, दिसायला गोड, तीही मांसाहारी, वाळूतले उपयोगी किडे खाते.

विकत न घेता मिळणारीही एक आहे. लाइव्ह रॉकबरोबर (जिवंत जीव चिकटलेल्या समुद्री दगडाबरोबर) कधीकधी स्टोमाटेला येते, पाठीवर चपटा कानासारखा छोटा शंख, बाकी अंग उघडं. लोक कीड समजून चिमट्याने काढून टाकतात. काढू नका हो. रात्री फिरते, शेवाळ खाते, टँकमध्येच वाढते. फार छेडलं तर पालीसारखा मागचा तुकडा टाकून पळते.

आणि हो, कायद्याचं. भारतात २००१ पासून सगळे हार्ड कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, आणि अंदमान-निकोबारकडची मोठी ट्रोकस, ट्रोकस निलोटिकस, तीही संरक्षित आहे. टँकसाठी मिळणाऱ्या लहान ट्रोकस बहुतेक वेगळ्या जातीच्या असतात, तरी कुठली जात, कुठून आणली, बिल मिळेल का हे विचारायला लाजू नका.

आता आपल्याकडचा नेहमीचा मोह. रत्नागिरीला, हर्णैला, मालवणला ओहोटीच्या वेळी खडकांवर शेकड्याने नेराइट आणि छोट्या ट्रोकस दिसतात, आणि टँकवाल्या माणसाचा हात लगेच पाण्याच्या बाटलीकडे जातो. नका आणू. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काहीही उचलणं म्हणजे आगीशी खेळ. दुसरीकडेसुद्धा, त्याच खडकांवर दुसऱ्या शंखांना भोकं पाडून खाणाऱ्या शिकारी गोगलगायी असतात, लहानपणी त्यांच्यात आणि शेवाळ खाणारीत फरक ओळखणं सोपं नाही. आणि शंकूच्या आकाराचा, सुंदर नक्षीचा जिवंत शंख दिसला तर हातात घेऊच नका, कोन स्नेल विषारी काटा मारतात, त्यातल्या एका जातीच्या काट्याने माणूस दगावू शकतो.

किती घ्यायच्या? परदेशी दुकानं गॅलनला एक असं गणित सांगतात, म्हणजे पावणेचार लिटरला एक. विकणाऱ्यासाठी छान हिशोब आहे तो. शंभर लिटरच्या टँकला तीन-चार ट्रोकस आणि चार-पाच सेरिथ एवढ्यावर सुरुवात करा आणि महिनाभर थांबा. काच दोन-तीन दिवसांनी पुसावी लागतेय, दगडांवर हिरवं वाढतंच आहे, तर आणखी दोन आणा. काच आठवडाभर लख्ख राहतेय तर आहेत त्याच जास्त झाल्या. गोगलगायी मरण्याचं मला सगळ्यात जास्त दिसणारं कारण रोग नाही, पाणी नाही, उपासमार. टँक चकाचक झाला म्हणून मालक खूश आणि खाली स्नेल उपाशी.

त्यावर उपाय सोपा, नोरी. सुशीला वापरतात ती वाळवलेली समुद्री शेवाळाची शीट, मोठ्या सुपरमार्केटमध्ये किंवा ऑनलाइन मिळते. साधी बघून घ्या, मीठ-तेल-वसाबी लावलेली स्नॅकवाली नाही. दोन बोटांएवढा तुकडा काचेला क्लिपने लावायचा किंवा रबर बँडने छोट्या दगडाला बांधून खाली ठेवायचा, संध्याकाळी लाइट गेल्यावर, आणि सकाळी उरलेलं काढून टाकायचं. टँगसारखा मासा असेल तर तो आधीच फस्त करेल, म्हणून दगडाला बांधलेला बरा.

खातायत की नाही हे कसं कळणार? रात्री टॉर्च घेऊन काचेवर चढलेली एखादी स्नेल बाहेरच्या बाजूने बघा. पायाच्या पुढे गोल तोंड दिसेल, ते उघडतं, आतून एक बारीक पट्टी पुढे येते, काच चाटून आत जाते, परत उघडतं, आणि हे करताना मान डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकत असते. ती पट्टी म्हणजे रॅड्युला, तिच्यावर दातांच्या ओळीच्या ओळी असतात. मागे शेवाळाच्या पापुद्र्यात नागमोडी स्वच्छ रेघ उरते. सकाळी काचेवर अशा रेघा दिसल्या की समजायचं मंडळी कामावर आहेत. नुसती चालल्याची खूण आहे पण खरवडल्याची रेघ नाही, तर तिथे खाण्यासारखं काही उरलेलं नाही.

घरी आणल्यावरचे पहिले दोन तास फार महत्त्वाचे. बरीच दुकानं मीठ वाचवायला किंवा माशांवरचे परजीवी आटोक्यात ठेवायला पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, १.०१९-१.०२० (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी) वर ठेवतात आणि आपला टँक असतो १.०२५-१.०२६ वर. मासे शरीरातलं मीठ बऱ्यापैकी सांभाळून घेतात, गोगलगायीला ते जमत नाही, बाहेरच्या पाण्यात जेवढं मीठ तेवढंच तिच्या अंगात. एकदम बदल झाला की गेली. म्हणून पिशवीतल्या पाण्याची सॅलिनिटी रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, फरक थोडाच असेल तर अर्धा-पाऊण तास पुरे, जास्त असेल तर एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब असं पाणी छोट्या डब्यात सोडत दीड-दोन तास द्या. एसीच्या खोलीत डबा गार पडतो तेवढं बघा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही. शंखावर काय काय चिकटलंय तेही या वेळीच बघा, आयप्टेशियाचं (टँकमध्ये तणासारखं पसरणाऱ्या अ‍ॅनिमोनचं) पिल्लू, किंवा शंखाच्या तोंडाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढे पांढरे बारीक शंख. ते पांढरे पिरॅमिडेलिड असतात, दुसऱ्या गोगलगायींचं रक्त पिणारे, टूथब्रशने घासून काढा.

क्वारंटाइन टँक असेल तर उत्तम. गोगलगायीला माशांचा इक (परजीवीमुळे अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) होत नाही पण इकची गाठ शंखाला चिकटून येऊ शकते, आणि मासा नसलेल्या पाण्यात ठेवलं की ती आपोआप संपते. हॉबीत त्यासाठी ७६ दिवसांचा आकडा चालतो. एवढं सगळ्यांना जमत नाही हे मान्य, पण त्या टँकमध्ये पूर्वी कॉपरचं औषध कधी घातलं असेल तर त्यात स्नेल ठेवू नका, दगड आणि सिलिकॉन कॉपर धरून ठेवतात.

सोडताना वरून टाकून द्यायची नाही. लाइट बंद करा, हात आत घालून दगडावर किंवा काचेवर पाय टेकेल अशी सरळ ठेवा आणि पकड घेईपर्यंत दोन मिनिटं थांबा. पहिला दिवसभर शंखाच्या तोंडाचं झाकण लावून बसली तरी चालतं. दोन दिवस झाले आणि जागची हललीच नाही तर बाहेर काढून वास घ्या. मेलेल्या स्नेलचा वास इतका भयानक असतो की शंकाच उरत नाही. वास नसेल आणि झाकणाला हात लावल्यावर आत ओढून घेत असेल तर जिवंत आहे, परत ठेवा. छोट्या नॅनो टँकमध्ये एक मोठी टर्बो मरून दगडामागे सडली तर सगळ्या टँकचा अमोनिया वर जाऊ शकतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा हजेरी घ्यायची सवय ठेवा.

तांब्याबद्दल आणखी थोडं, कारण आपल्या घरांत हा धोका कुठून येईल सांगता येत नाही. माशांच्या औषधांत कॉपर असतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण आजकाल घरोघरी 'कॉपर' लिहिलेले आरओ प्युरिफायर लागलेत, ते मुद्दाम पाण्यात तांबं सोडतात. माणसाला चालत असेल, गोगलगायीला फार थोडं तांबंही पुरतं मरायला. साध्या घरगुती आरओतही बहुतेक मिनरल परत मिसळतात. टँकसाठी वेगळं आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारा फिल्टर) घ्या, टीडीएस मीटरवर शून्य येईल असं. आणि ते पाणी तांब्याच्या कळशीत, पितळेच्या घागरीत भरून ठेवायचं नाही, प्लास्टिकचा कॅन ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

उन्हाळा हा दुसरा शत्रू. एप्रिल-मेमध्ये पुण्या-नागपूरकडे बंद फ्लॅटमध्ये टँक सहज तीसच्या वर जातो. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यात रात्री लाइट गेली आणि पंप बंद पडला तर सकाळी सगळ्या गोगलगायी पाण्याच्या रेषेला येऊन बसलेल्या दिसतात. नेराइट तिथे रोजच असते, पण ट्रोकस, सेरिथ सगळ्याच एकदम वर आल्या तर लगेच अमोनिया मोजा आणि पाणी हलवा. बॅटरीवरचा एअर पंप स्वस्त असतो, एक आणून ठेवाच. चिलर परवडत नसेल तर पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन डिग्री उतरतात. कोरड्या हवेत पंखा छान चालतो, मुंबईच्या दमट हवेत तेवढा नाही. पण पंख्याने पाणी भराभर उडतं, मीठ मागेच राहतं, आणि सॅलिनिटी चढते. ऑटो टॉपऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) नसेल तर रोज गोडं पाणी घालून रेषेवर आणायला हवं. दोन दिवस विसरलात आणि मग एकदम बादलीभर ओतलंत तर मासे कदाचित झेलतील, स्नेल नाही.

शंखासाठी कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी ८-९ डीकेएच, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम, म्हणजे कोरलसाठी जे धरता तेच. शंखाचं टोक खडूसारखं पांढरं पडून झिजायला लागलं तर अल्कलिनिटी आणि पीएच बघा.

हर्मिट क्रॅब आणि गोगलगायी एकत्र ठेवायच्या असतील तर वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंख टँकमध्ये टाकून ठेवा. हर्मिट वाढला की त्याला मोठं घर लागतं, आणि रिकामं मिळालं नाही तर तो राहत्या मालकाला मारून घेतो. शंख ठेवल्याने हे बंद होतं असं नाही, कमी होतं. माझं मत विचाराल तर हर्मिट नकोच. पफर, ट्रिगर मासे असतील तर गोगलगायी म्हणजे त्यांचं जेवण. आणि ओव्हरफ्लोच्या फटींना, वेव्हमेकरला (लाटा करणाऱ्या पंपाला) जाळी लावा, कारण एखादी सेरिथ पाइपमध्ये जाऊन बसली की पाणी संपऐवजी (खालच्या फिल्टरच्या टाकीऐवजी) हॉलमध्ये येतं.

सगळं नीट बसलं की एखाद्या संध्याकाळी ट्रोकस वर चढून पाण्यात पांढऱ्या धुरासारखं काहीतरी सोडताना दिसेल आणि पाहता पाहता टँक गढूळ होईल. ते प्रजनन आहे, आजार नाही. स्किमर चालू ठेवा, कार्बन टाका, दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी निवळतं. ट्रोकसची पिल्लं थोड्याच दिवसांत तळाला बसतात, त्यामुळे घरच्या टँकमध्येही ती वाचू शकतात. काही आठवड्यांनी संपच्या भिंतीवर मोहरीएवढे पट्टेवाले शंख दिसले तर स्पंज फिरवताना जरा जपून. जास्त झाली तर ओळखीच्या टँकवाल्यांना वाटा. टँकमध्येच जन्मलेल्या म्हणून त्या दुकानातल्यांपेक्षा चिवट असतात, फक्त देताना तुमची सॅलिनिटी आणि तापमान पिशवीवर लिहून द्या.